तारण

वेदीवरची कापडं मी धुते. एकतीस वर्षं झाली.
खळ घरची, तांदळाची,
इस्त्री सदरच्या चर्चमागच्या खोलीत.
कुठला डाग वाईनचा, कुठला मेणाचा,
वीज गेली तरी बोटांना कळतं.
हा मात्र कळला नाही.

त्या मे महिन्यात फादर लाझरस एक्का
न विचारताच कापड घेऊन गेले.
भांडेवाडीच्या फाटकाशी कचऱ्याच्या गाड्या उभ्या,
चार महिन्यांचा पगार ठेकेदाराकडे अडलेला.
एका गाडीच्या बोनेटवर त्यांनी कापड अंथरलं
आणि मिस्सा सुरू केली.
सेहेचाळीस डिग्री. वर घारी. जळक्या प्लास्टिकचा धूर.
भाकरीवर माशा बसू नयेत म्हणून
सेलिनबाई पदरानं वारा घालत राहिली,
देवाचा डोळा लागला असावा तशी.

प्रवचन छोटंच होतं.
"तारण म्हणजे मेल्यावरचं नाही.
इतवारीत पाटल्या तारण ठेवता ना तुम्ही?
मग पैसे जमले की सोडवून आणता.
तसंच. माणूस गहाण पडलाय.
सोडवून आणायचा. जिवंतपणी."

मी दोन्ही ऐकले होते,
एक चर्चमध्ये, एक सराफाच्या गादीवर.
शब्द एकच आहे
हे तोवर कानाला लागलंच नव्हतं.

त्यांच्या उशाशी एक पुस्तक असायचं,
कव्हर वर्तमानपत्राचं.
दूरच्या देशातल्या फादर लोकांचं, म्हणाले,
तिथं एका बिशपला मिस्सा चालू असताना
वेदीपाशीच गोळी घातली.
मी विचारलं, कापडाचं काय केलं मग त्यांनी?
ते हसतील असं वाटलं होतं.
हसले नाहीत.

इंदोऱ्याची पंचशीला त्याच फाटकावर कामाला.
"तुमचा देव आत्ता उतरला व्हय खाली?
आमच्या बुढ्यानं तं छप्पनातच सांगून टाकलं त्याले,
तू बस बाप्पा, आमी निघतो."
तरी डबा आणायची रोज, सगळ्यांना पुरेल असा,
मिस्सेच्या वेळी मागं उभी राहायची,
गुडघे न टेकता.
फादर तिच्याकडे बघायचे
आणि पुढचं वाक्य जरा थांबून बोलायचे.

मधेच सेलिनबाई दाखल्यासाठी गेली.
धर्म? ख्रिस्ती.
मग तुमची जात यात बसत नाही, बाई.
तिनं खराटा टेबलावर ठेवला.
"मंग हा कोनं देल्ला मले?"
बाबूनं फाइल उचलली,
खराट्याखाली आली होती म्हणून.

पगार आला. चारातला दोन महिन्यांचा.
आणि वरून पत्र आलं, इंग्रजीत,
मराठीत वाचून दाखवेपर्यंत अगदी मऊ झालेलं.
आज्ञापालन, विश्रांती, प्रार्थना.
गडचिरोलीकडच्या एका वसतिगृहावर बदली.
एक पेटी, एक कुकर. पुस्तक दिसलं नाही,
पेटीत असेल.

नाताळात नगरसेवक आले.
पहिला बाक रिकामा करून दिला त्यांना.
वेदीशेजारच्या माइकवरून ते म्हणाले,
चर्चनं राजकारणात पडू नये.
टाळ्या पडल्या. केक चांगला होता.
सेलिनबाई बाहेर चपला सांभाळत होती,
कुणी सांगितलं नव्हतं तिला.
सवयीनं उभी राहिली, म्हणाली.

कापड टाकून द्या, असा निरोप होता.
मी टाकलं नाही.
असं घडी घालते की डाग मधोमध यावा,
बरोबर कटोऱ्याखाली.
नवे फादर स्वच्छतेचे फार कडक,
पण रविवारी कटोरा तिथंच ठेवतात.

ग्रीस असेल, डांबर असेल,
कुणाच्या तरी हाताचा असेल.
निघत नाही म्हणून सांगते सगळ्यांना.
खरं म्हणजे तीन वर्षांत
मी घासूनच पाहिलेला नाही.

पंचशीला परवा भेटली, कामठी रोडवर.
फादरची खुशाली विचारली तिनं, मग म्हणाली,
सेलिनच्या पाटल्या अजून इतवारीतच आहेत.
व्याज वाढून राहिलं.